रेडिओवरची गिटार

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे, जेवणखाण वेळेवर होतं. आईचा गुडघा आता कसा आहे?

रविवारी दुपारी आम्ही मित्र ठाकुर्लीला विनीतच्या घरी जमलेलो. रेडिओवर जुन्या रॉकचा कार्यक्रम लागतो, तो आम्ही कॉलेजपासून एकत्र ऐकतो.

गिटार सुरू झाली तशी सगळी पोरं उठून उभी राहिली. रतन डोळे मिटून हवेतच गिटार वाजवत होता. विनीतची बायको रुचितासुद्धा टाळ्या वाजवत होती. मला फक्त ड्रम कळत होते, तेही टेबलावर हात ठेवलेला म्हणून. बाकीच्यांकडे बघून मी मान डोलवत राहिलो. मग डोळे मिटले. उघडले तेव्हा गाणं संपलेलं, सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझी मान चालूच होती.

रतनने कानाशी तोंड आणून विचारलं, "सुदेश, तुला ऐकू येत नाही का रे?"

कोणी हसलं नाही. विनीतने रेडिओ बंद केला.

वागळे इस्टेटच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनवर इतकी वर्षं काढली, त्या आवाजाने कानाची नस गेली. कानाला यंत्र लावलं तर थोडंफार ऐकू येईल, असं डॉक्टर म्हणतात. कंपनीत अजून सांगितलेलं नाही.

आईला एवढ्यात कळू देऊ नकोस. फोनवर तिचं बोलणं मला समजत नाही, मी नुसतं हो हो म्हणतो. ती काय विचारते, ते तू लिहून पाठवत जा.

तुझा भाऊ,
सुदेश