काचेच्या शेगडीवरचे ओरखडे

रविवार संध्याकाळ, जत

सांगलीहून घरी आले आणि दारातच आईचा खोकला ऐकला. परसात चूल पेटलेली. मग मी पहिल्या पगारातून काचेची विजेची शेगडी आणली कशाला? घरातली पहिली पदवीधर मी. निदान आईला धुरातून सोडवावं, एवढंच मनात होतं.

शेगडी आत कट्ट्यावर होती, वर विणलेला रुमाल. तो उचलला तर काचेवर ओरखडेच ओरखडे. आईने पहिल्याच दिवशी ती राखेने घासली, भांडी घासते तशी. मऊ फडक्याने पुसायची, हे मी दादाला समजावून गेले होते. त्याने तिला सांगितलंच नाही.

"तवापासनं तुझा दादा लावू देत न्हाई," आई म्हणाली. "म्हागाची वस्तू हाय म्हणतो."

जेवताना दादा हसला. "म्याडम, भाकरी आमाला चुलीवरचीच लागती. तुमची काच पावण्यांना दाखवाय बरी हाय."

वडिलांनी आणखी एक भाकरी मागून घेतली. मीही तीच भाकरी खाल्ली. ती गोड लागली, याचाच जास्त राग येतोय.

ओरखड्यांसकट शेगडी चालते. मी चहा करून दाखवला. आई म्हणाली, "असू दे गं. भांडान नगं."

आताही खोकतेय. चूल सारवून झाली आणि ती मऊ फडक्याने शेगडी पुसतेय. रोज पुसते म्हणे. मला तिची एक चूल सोडवायची होती. मी तिला पुसायला दुसरी आणून दिली.