सात नंबरची मान

ती. साडूभाऊंना धाकट्या साडूचा कंबरेत वाकून नमस्कार.

तुमची पाठ कशी आहे? खुर्चीतून उठताना तुम्ही जे 'आई गं' म्हणायचात ते आता बसतानाही म्हणता, असं ताईंनी फोनवर सांगितलं. ऐकून फार वाईट वाटलं. जपा हो. जड उचलू नका, ओलं पुसू नका (हे ताईंना दाखवा, म्हणजे माझं नाव पुढे करता येईल), आणि अशा पाठीने गोल्फ तर स्वप्नातसुद्धा खेळू नका, असं माझं अगदी निःस्वार्थी मत आहे. इकडे सगळे खुशाल आहेत. सासूबाईंचा आवाज पूर्वीसारखाच ठणठणीत आहे. सासरेबुवांचा गुडघा नव्यासारखा चालतो (नवाच आहे म्हणा). तुमची मेव्हणी गॅरेजच्या शटरला पोचा आल्यापासून माझ्याशी मोजकंच बोलते, त्यामुळे माझीही तब्येत सुधारली आहे. आम्ही अजून सासरेबुवांच्याच घरी, वरच्या मजल्यावर आहोत. (लोक मला घरजावई म्हणतात. आमच्या घराचं काम चालू आहे, आणि ते तीन वर्षं चालू राहिलं यात माझा काय दोष?)

तर पत्रास कारण सासरेबुवांची ती जपानी आयर्न, म्हणजे त्यांच्या गोल्फच्या पोलादी डोक्याच्या काठ्या. तुम्हाला ठाऊकच आहेत, पण ती घडतात कशी हे व्याख्यान तुम्ही दोनदाच ऐकलंय, मी रोज ऐकतो. जेवण झालं की सासरेबुवा साबणाची ओली वडी मागवतात आणि ताट सारून सुरू करतात. मऊ पोलादाचा गज घ्यायचा, लालभडक तापवायचा, मानेपाशी (डोकं काठीला जुळतं तिथे) वाकवायचा, साच्याच्या दोन जबड्यांत धरायचा आणि वरून घण. (इथे वडीवर मूठ आपटते आणि फेस माझ्या चष्म्यावर येतो.) पुन्हा तापवायचं, पुन्हा घण, बाजूला आलेली कड छाटायची, आणि मग एक कारागीर ते डोकं फिरत्या चाकावर धरून घासतो, तराजूत टाकतो, नाक मुरडतो, परत घासतो. अशाने म्हणे पोलादाचे धागे डोक्यापासून मानेपर्यंत अखंड राहतात, आणि चेंडू लागला की हाताला लागल्यासारखं वाटतच नाही. उलट ते ओतीव आयर्न, वितळवलं, साच्यात ओतलं, थंड झालं, झालं! त्यात कसला आलाय जीव? ओतीव म्हणजे कवळी, चावता येतं पण चव लागत नाही, असं ते म्हणतात. हे वाक्य त्यांनी मुद्दाम त्यांचे जुने खेळगडी दातांचे डॉक्टर यांच्यासाठी तयार केलं आहे, कारण डॉक्टरांकडे ओतीव सेट आहे आणि ते कवळ्याही करतात. डॉक्टरांचा चेंडू लांब जातो हे मात्र सासरेबुवा साबणासमोर कधी कबूल करत नाहीत.

हे सगळं गुडघ्याच्या ऑपरेशनआधीचं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी (गुडघ्याच्या, दातांच्या नव्हे) खेळायला परवानगी दिली, पण सासरेबुवांनी स्वतःला दिली नाही. आता चेंडू पोचवायची ताकद उरली नाही म्हणाले, आणि खिडकीशी जे बसले ते बसलेच. साबण परत न्हाणीघरात गेला. जन्मभर विमा कंपनीत खोटे दावे पकडणारा माणूस, त्याची नजर कशी होती ते तुम्ही लग्नाच्या बोलणीत भोगलंय. ती नजर समोरच्या दुकानाच्या पायरीवर लावून ते दिवस काढू लागले. सासूबाई एकदा भांडी विसळताना मला म्हणाल्या, यांना असं बघवत नाही हो. मलाही बघवत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ते व्याख्यानसुद्धा हवंहवंसं वाटायला लागलं होतं. आणि मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं की सेट थोरल्या जावयाला पाठवायचा. म्हणजे तुम्हाला. पाठवणीची तयारी म्हणून बॅग व्हरांड्यात आली.

आता त्या शनिवारचं ऐका. घरात कोणी नव्हतं (सासरेबुवांना गुडघा दाखवायला नेलं होतं), माझी स्कूटर गॅरेजात, आणि शटर वीतभर वर येऊन अडकलं. ओढलं, लाथ घातली, समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या, ढिम्म हलेना. तरफ लावायला काहीतरी हवं होतं. पहार कुठे असते ते मला या घरात कधी कळलेलं नाही. (घरजावई असतो तर कळलं असतं.) व्हरांड्यात बॅग उभी होती. सात नंबर हाताला बेताचा वाटला. मनात म्हटलं, जो घणाखालून हसत बाहेर आला तो शटरला काय भीक घालणार! खाली सरकवला आणि दिला जोर. शटर धाडकन वर गेलं आणि सात नंबरने मान टाकली.

मऊ पोलाद ना! तीच ती कौतुकाची मऊ जात. ओतीव असतं तर ते आपलं ताठ राहिलं असतं, नाहीतर सरळ तुकडा पडला असता आणि मीही सरळ गाव सोडलं असतं. घडीव मात्र गुपचूप वाकतं, नखाएवढं, नवख्याला दिसणारही नाही असं. मी रुमालाने पुसलं, परत बॅगेत घातलं, आणि म्हटलं, जातंय ना थोरल्या साडूकडे, जाऊ दे. (राग मानू नका. तुमच्या खेळाला नखाएवढ्या फरकाने काही झालं नसतं.)

पण दुसऱ्या दिवशी सकाळी सासरेबुवांना काय वाटलं कोण जाणे, पाठवण्याआधी एकेक चेंडू मारून निरोप घेतो म्हणाले. मी त्यांना सरावाच्या मैदानावर घेऊन गेलो. नऊ नंबर, आठ नंबर, दोन्ही चेंडू रडतरखडत गेले. मग सात. आणि साडूभाऊ, तो चेंडू जो निघाला तो निघालाच! मधला झेंडा ओलांडून, जाळीच्या पायथ्याशी. सासरेबुवा तसेच उभे, काठी खांद्यावर, तोंड उघडं. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, बघितलंत? डोळे भरले होते हो त्यांचे. मी म्हटलं, बघितलं.

झालं काय होतं, ते तुम्हाला समजावतो. (तुम्ही खेळता, पण माहिती करून घ्यायची सवय नाही.) आयर्नचं तोंड जितकं आभाळाकडे, तितका चेंडू उंच आणि जवळ. तोंड जितकं समोर, तितका सपाट आणि लांब, आणि नंबर जितका लहान तितकं तोंड समोर. शटरने आमच्या सात नंबरचं तोंड समोर करून टाकलं होतं. नाव सातचं आणि काम पाचाचं. हे त्याच क्षणी सांगायला हवं होतं, कबूल. पण त्या चेहऱ्यासमोर तुम्ही तरी सांगितलं असतंत का?

सेट परत कपाटात गेला आणि साबण परत टेबलावर आला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सराव. बॅग कोण उचलणार? मी. मी, ज्याने नऊच्या आधीचा सूर्य फक्त चित्रात बघितला होता, तो उजाडायला दाराशी उभा. मनात चोर बसला की झोप लागत नाही, आणि शिवाय सात नंबर दुसऱ्या कुणाच्या हाती पडायला नको होता. आम्ही दोघं चालत जायचो, चालत यायचो. सुरुवातीला ते दर खांबाला थांबायचे. पुढे पुढे मी थांबायला लागलो आणि ते पुढून हाका मारू लागले. एकच पंचाईत होती. सात नंबरचा चेंडू सहा नंबरच्या पुढे जायचा, त्यामुळे सासरेबुवांचा सगळा संशय सहा नंबरवर. त्या निरपराध काठीला त्यांनी जे जे ऐकवलं ते मला निमूट ऐकावं लागलं.

अशात दातांच्या डॉक्टरांनी काडी घातली. एक सामना होऊन जाऊ दे म्हणाले, घडीव विरुद्ध ओतीव. जो हरेल त्याने क्लबच्या कँटीनमध्ये खुर्चीवर उभं राहून सांगायचं की समोरच्याची आयर्न भारी. सासरेबुवा तिथल्या तिथे हो म्हणाले. डॉक्टर म्हणजे लोकांच्या तोंडात बघून पोट भरणारा माणूस, सात नंबरचं वाकडं तोंड त्यांना दिसल्याशिवाय राहील? आणि खुर्चीवर नव्या गुडघ्याने चढायचं ते कुणी? हरले असते तर ते परत खिडकीशी बसले असते, आणि या खेपेला उठले नसते.

म्हणून मी सगळा सेट पुसून आणतो म्हणून क्लबच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. हा माणूस बोलण्यात इतका काटकसरी की त्याला सगळे मौनीबाबा म्हणतात. त्याने सात नंबर शिकंज्यात धरला, मापाचा काटा लावला, काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी विचार करूनच गेलो होतो. सात सरळ केला तर सासरेबुवांची ताकद गेली. तसाच ठेवला तर चोरी पकडली गेली. तेव्हा म्हटलं, बाकीच्या सगळ्याही तेवढ्याच वाकवा. म्हणजे सगळी एका माळेचे मणी, कुणावर संशय नाही, आणि सासरेबुवा प्रत्येक काठीने तरुण! मौनीबाबा म्हणाले, सगळ्या? मी म्हटलं, सगळ्या. संध्याकाळी न्या, म्हणाले. संध्याकाळी बघितलं तर कुठे काही केल्याची खूण नाही. हातातली कला म्हणतात ती ही.

सामन्याचं सगळं लिहीत बसत नाही, कारण निम्मा वेळ मी डोळे मिटून होतो. शेवटच्या खड्ड्यापर्यंत बरोबरी. मध्ये तळं. डॉक्टरांचा चेंडू डुबुक. सासरेबुवांनी सात नंबर मागितला, मी देताना त्याच्या मानेवरून हात फिरवला, आणि चेंडू तळ्यावरून असा अलगद पलीकडे जाऊन बसला की आवाजसुद्धा आला नाही. मी ओरडलो हो, पोरासारखा! कँटीनमध्ये डॉक्टर खुर्चीवर चढले, पण घडीव भारी एवढंच म्हणून उतरले, कवळीचा उल्लेख टाळला. सासरेबुवांनी घरी आल्यावर दाराशी माझ्या पाठीवर थाप मारली, तिचा वळ अजून आहे.

असो. ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, पाठीला शेक.

तुमचा,
धाकटा (आणि गुणी) साडू

ता. क. एक बारीकशी विनंती. सेट थोरल्या जावयाला कबूल केलाय हे सासरेबुवांना अधूनमधून आठवतं आणि शब्द मोडल्यासारखं वाटतं. तेव्हा तुम्हीच त्यांना एक पत्र टाका, की पाठीमुळे मी गोल्फ कायमचा सोडला, सेट नको. ताईंकडून खात्री करून घेतली आहे, पाठ खरोखरच दुखते, म्हणजे खोटंही बोलायला नको.

ता. क. २. शिवाय सेट तुमच्याकडे आला तर वाकडा येईल, आणि तुमचे चेंडू लांब जायला लागले तर सगळ्यांत आधी तुमचाच स्वतःवर विश्वास बसणार नाही. पाकीट पक्कं चिकटवून सासरेबुवांकडेच देतोय, ते उद्या पोस्टावरून जाणार आहेत.

ता. क. ३. (हस्ताक्षर निराळं आहे, दचकू नये.) चि. थोरले जावईबापू, पाकीट वाफेवर उघडलं, क्षमा असावी. विमा कंपनीतली जुनी सवय. निरोपाचे चेंडू मारून आलो, त्याच संध्याकाळी सात नंबरच्या मानेला शटरचा हिरवा रंग लागलेला मी पाहिला होता. खरं सांगतो, जीव फार खट्टू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या साडूंना झापायचं ठरवून दार उघडलं, तर हे महाशय डोळे चोळत, बॅग खांद्यावर घेऊन उभे. ऑपरेशननंतर माझ्याबरोबर चालायला आलेलं ते पहिलं माणूस. मी गप्प बसलो. मौनीबाबांनी मला फोन केला होता. त्यांनी त्या दिवशी फक्त सात सरळ केला, बाकीच्यांना हातही लावला नाही. तळ्यावरून गेला तो चेंडू माझाच होता. सेट तुम्हाला मिळणार नाही, तेव्हा पत्र टाकायची तसदी घेऊ नये. आणि यातलं धाकट्यांना काही कळवू नका. कळलं तर उद्यापासून परत नऊला उठतील.