वालाचे स्फटिक का फुटले

भिसेगाव, कर्जत
१८ जानेवारी

प्रिय रुचिता,

कशी आहेस? कोंडाण्याला थंडी चांगलीच असेल. इकडे सगळे बरे आहेत. साजगावची लॅब आहे तशीच आहे, फक्त एसी एकदाचा दुरुस्त झाला. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. हे पत्र आईंनाही वाचून दाखव. त्यांच्यासाठी, तुला पाठ असलेल्या गोष्टीही सोप्या करून लिहिते.

आधी चांगली बातमी. डिसेंबरात नऊ मोठे स्फटिक आले, मिठाच्या बारीक खड्याएवढे, कडा अगदी सरळ. आईंना सांग, आपण वाल भिजवून वाटतो, त्यातलं एक प्रथिन वेगळं काढतो आणि खारट पाण्याच्या थेंबात ठेवतो. थेंब सावकाश आटला की पाकात खडीसाखर धरावी तसा स्फटिक धरतो. घाई झाली तर एका खड्याऐवजी शेकडो कण पडतात. गेल्या वर्षी सहा महिने आपल्याला नुसते कणच मिळाले. प्रथिन आणखी पातळ करायचं आणि थेंबांचा डबा फ्रिजच्या थरथरीपासून लांब न्यायचा, हे तुला सुचलं. मी वहीत 'आम्ही' लिहिलं होतं. ते खोडून तुझं नाव घातलंय.

आता ऑगस्टचं.

पहिले सहा चांगले स्फटिक थेंबातून काढायचं काम तुझं होतं. नायलॉनच्या इवल्याशा फासात एकेक उचलायचा, गोठवताना जपणाऱ्या द्रावणात क्षणभर बुडवायचा, मग थेट द्रव नायट्रोजनमध्ये. सहाही द्रावणात जाताच तडकले. मिटिंगमध्ये आपल्या गटातल्या सुनीलने विचारलं, "हात हलला का?"

तू म्हणालीस, "नाही. उचलले तेव्हा शाबूत होते. द्रावणात गेल्यावर फुटले."

साईनाथ सरांनी माझ्याकडे पाहिलं. द्रावण मी केलं होतं. मी म्हणाले, "द्रावण बरोबर आहे. सवय नसली की हात थरथरतो."

पुढच्या आठवड्यात तू काम सोडलंस.

डिसेंबरात मी नवं द्रावण केलं. या वेळी ज्यात स्फटिक वाढतात तेच खारट पाणी घेतलं आणि त्यात ग्लिसरीन घातलं. पहिला स्फटिक बुडवला, काचेसारखा स्वच्छ राहिला. सर म्हणाले, "बघा, हाताचा फरक." सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि मी ते ऐकून घेतलं.

त्याच आठवड्यात रविवारी मी कोंडाण्याला आले. तुला गुपचूप परत बोलवावं, कुणाला काही सांगायची वेळच येऊ नये, असा माझा बेत होता. तू नेरळला गेली होतीस. आई अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाय, तिचा हात थरथरतो म्हनं. घरातल्या सुईत दोरा तीच घालते. मला आता दिसत नाय. मंग तुमाला कसा दिसला थरथरताना?"

मी म्हणाले, "काहीतरी चूक झाली असेल."

"कोनाची?"

मी चहा संपवला आणि उठले.

सोमवारच्या मिटिंगला मी ऑगस्टची बाटली घेऊन गेले. सगळ्यांना सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यासमोर उभं केलं. दोन स्फटिक जुन्या द्रावणात टाकले, दोन नव्या. हात एकच, माझा. जुन्यातले दोन्ही पापणी लवायच्या आत तडकले. नव्यातले तासभर तसेच राहिले. जुन्या बाटलीत मीठच नव्हतं. द्रावण मी साध्या पाण्यात केलं होतं. खारट पाण्यात वाढलेला स्फटिक एकदम गोड्या पाण्यात पडला की फुटणारच.

सरांनी विचारलं, "हे कधी कळलं तुम्हाला?"

रुचिता, वरचं सगळं वाचून तुला वाटलं असेल की डिसेंबरात. मी ऑगस्टमध्येच, त्या मिटिंगनंतर वही उघडून पाहिली होती. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पाणी'. तू तेव्हा समोरच्या टेबलावर फास धूत होतीस. मी वही मिटली.

सरांना तसंच सांगितलं. माझं गटप्रमुखपद आता सुनीलकडे आहे आणि ते बरोबरच झालं. काम मला येतं, ते मी करत राहीन. तू सांगितलेली पद्धत पक्की आहे. उरलेले सात स्फटिक नीट गोठलेत, पुढच्या महिन्यात क्ष-किरणांनी प्रथिनाची रचना पाहायला जातील. ते वाढवण्याची पद्धत शोधणारी म्हणून अहवालात नाव तुझं आहे.

सोमवारी सरांचा फोन येईल, तो उचल. तुझी जागा रिकामीच ठेवली आहे. मी त्याच खोलीत असते. ते तुला नको असेल तर सरांना सरळ सांग, वरच्या मजल्यावर बसायची माझी तयारी आहे.

आईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. चूक माझी. त्यांना याच दोन शब्दांत सांग.

मी तुझी वरिष्ठ होते. त्या दिवशी तुझ्या बाजूने बोलणं हे माझं काम होतं.

हर्षला