ताईबाई रुपनवर हिच्या देहाची तजवीज

मी, ताईबाई साहेबराव रुपनवर, वय सत्तावीस, राहणार निरवांगी, तालुका इंदापूर. बावड्याच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. लहानपणीच्या तापाने माझ्या हृदयाची एक झडप खराब झाली आहे. पुढच्या आठवड्यात पुण्याला ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी धीर दिला, हमी दिली नाही. म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या विचाराने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. दम लागतो, त्यामुळे थांबत थांबत लिहिते आहे.

कलम १. मेंढरं विकून वडिलांनी निरवांगीत जमीन घेतली. त्यांच्या मागे तिच्यात माझा जो वाटा येतो तो भावजय अंजली हिला द्यावा, भाऊ गेणू याला नाही. गेणूने हक्कसोडपत्र माझ्यापुढे पुन्हा पुन्हा ठेवलं, एकदा तर मी इंजेक्शन घेऊन पडले असताना. "ताये, सही कर, मंग झोप," म्हणाला. तो वाईट नाही. पण जमीन अंजलीच्या नावावर असली की तिच्याशी जरा हळू बोलेल. माझं पासबुक आणि साड्याही अंजलीलाच.

कलम २. माझ्या पगारातून घेतलेल्या परीक्षानळ्या, स्पिरिटचे दिवे आणि भिंगं शाळेला. मुख्याध्यापक बापूसाहेब यांना प्रयोगशाळेचं कुलूप. पोरं काचा फोडतील या भीतीने त्यांनी ते जिवापाड जपलं. आता ते घरी न्यावं आणि दार उघडं ठेवावं.

कलम ३. प्रयोगशाळेत बरणीत एक धामण आहे. पटांगणात कोणीतरी मारली होती, मी ती फॉर्मॅलिनमध्ये ठेवली. ही बरणी टाकून देऊ नये. कारण लिहिते.

फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्मल्डिहाइड. गेल्या वर्षी बारामतीच्या कॉलेजात पुण्याहून एक शास्त्रज्ञ बाई आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, तरुण ताऱ्याभोवती वायूची आणि धुळीची तबकडी फिरत असते, तिच्यातूनच पुढे ग्रह होतात. प्रत्येक रेणूची रेडिओ लहर वेगळी असते, त्यावरून दुर्बिणीला तो ओळखता येतो. वृषभ राशीतल्या अशा एका तबकडीत नुकतंच फॉर्मल्डिहाइड सापडलं. तिथं अजून माती नाही, पाणी वाहत नाही, पण जीव ज्यातून घडू शकतो ते सामान येऊन पडलं आहे.

दुसऱ्या दिवशी बरणी हातात घेऊन मी वर्गात हेच सांगितलं. छकुलीने विचारलं, "बाई, मंग तितंबी धामनी हुतील?"

"ते माहीत नाही," मी म्हणाले. "सामान आहे."

आजवरच्या शिकवण्यात मला तो तास सगळ्यात आवडतो.

कलम ४. मी गेले तर माझा देह जाळू नये, पुरू नये. तो वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. तिथंही फॉर्मॅलिनच वापरतात. डॉक्टर होणाऱ्या मुलामुलींनी माझी झडप हातात धरून बघावी. मला दुसरं काही मागायचं नाही.

वकील मोहनराव म्हणाले, "ताईबाई, जमीन कागदाने देता येते. देह घरच्यांनी दिला तरच जातो. आई आडवी आली तर या कलमाचा उपयोग नाही."

आई, म्हणजे बानूबाई, आडवी आलीच. "त्या धामनीवानी बरनीत घालनार माझ्या लेकीला?"

"आई, बरणी नसते. हौद असतो."

समजूत घालायची माझी ही रीत. "मंग बुडवा हौदात!" म्हणून ती उठून गेली आणि माझ्याशी बोलेनाशी झाली. मीही थकले होते. शेवटी एका संध्याकाळी तिच्या शेजारी बसून तिला त्या ताऱ्याचं सांगितलं. बराच वेळ ती ऐकत होती.

"तितं ऱ्हातं कोन?"

"अजून कोणी नाही."

"गारठा आसंल."

"फार. म्हणून तर ते रेणू टिकतात. धुळीच्या कणांवर बर्फासारखे बसून राहतात."



कलम ५. आईला मी काहीही देत नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असा मोहनरावांचा सल्ला आहे, आणि मला तिची साक्ष हवी आहे. सही करायला तिला मीच शिकवलं. खाली तिची सही असेल तर ती कलम चारला तिची संमती समजावी. नसेल तर ते कलम रद्द धरून तिच्या मनाप्रमाणे करावं. तिच्याशी कोणी भांडू नये.

कलम ६. हे कलम आईच्या सांगण्यावरून, तिच्याच शब्दांत घालत आहे: "न्हेताना तिच्या बापाची काळी घोंगडी संगं द्या. तिला गारवा सोसत न्हाय."

मोहनराव म्हणाले, "बानूबाई, हे कायद्यात बसत नाही."

आई म्हणाली, "मंग माझी सहीबी बसत न्हाय."

घातलं आहे.

ठिकाण: इंदापूर
तारीख: १४ डिसेंबर १९९८

लिहून ठेवणार: ताईबाई साहेबराव रुपनवर (सही)

आमच्यासमोर सही झाली, साक्षीदार:
१. मोहनराव देवकाते, वकील, इंदापूर (सही)
२. बानूबाई साहेबराव रुपनवर, निरवांगी (सही)