गुलाबी निघालेला कांदा

बाबा, यंदा तुमचा कांदा गुलाबी निघाला. सगळा नाही, पण पांढऱ्याच्या ढिगात लांबूनही डोळ्यांत खुपेल इतका. आणि चुकून नाही हं, मी तो मुद्दाम नासवला. तुम्ही असतात तर विळा घेऊन अंगावर धावून आला असतात आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडला असतात. तुम्ही नाही आहात. तुम्ही भिंतीवर आहात, हार घातलेले, आणि तो हारही प्लॅस्टिकचा आहे, कारण खऱ्या फुलांना नागावात शनिवार-रविवारी गिऱ्हाईक मिळतं. तेव्हा आता ऐका. जिवंत असताना कुणाचं ऐकलं नाहीत, निदान आता मध्ये बोलू तरी शकणार नाही.

आधी वाडीचं सांगते, कारण तुम्ही पहिलं तेच विचारलं असतं. आई कशी आहे, मी कशी आहे, हे तुम्ही कधी विचारलंत? वाडी चांगली चालली आहे. तुमच्या वेळेपेक्षा चांगली. 'मुलगी वाडी करनार म्हंजे झालंच, वर्षात गवत माजंल,' असं तुम्ही माझ्या नवऱ्यासमोर म्हणाला होतात. तो बिचारा उरणला कंटेनरच्या गाड्यांवर, आठवड्यानं घरी येणारा, काय बोलणार! गवत माजलं नाही. तुम्ही अख्खा तुकडा एकाच भाजीला द्यायचात आणि मग ती व्यापाऱ्याच्या टेम्पोत ओतून तो देईल ते घ्यायचात. मी लहान लहान वाफे केले. एका वाफ्यातली मेथी काढली की शेजारच्या वाफ्यातली उगवून वर आलेली असते. पालक, माठ, मुळा, पुदिना, कुंपणाला काकडी, मागे तोंडलीचा मांडव. तो मांडव तुमचाच, तेवढा ठेवलाय. संध्याकाळी होमस्टेवाल्या बायका फोन करतात, इतके पाहुणे आलेत, इतकं लागेल. तेवढंच पहाटे कापते, विहिरीच्या पाण्यात धुते, केळीच्या पानात बांधून स्कूटरवर घालते. उन्हं तापायच्या आत सगळ्यांच्या दारात पोचतं. उरलेलं रस्त्यावर मांडते, दुपारपर्यंत काही शिल्लक राहत नाही. वाकडी काकडी भजीवाला नेतो. व्यापाऱ्याचा टेम्पो आपल्या दारात थांबायचा बंद होऊन किती वर्षं झाली! त्याच्यापुढे हात जोडून उभे राहायचात तुम्ही, आणि घरात येऊन आमच्यावर डाफरायचात.

आता त्या दिवसाचं. विसरला असाल तर आठवण करून देते. मी शाळेत आहे, परीक्षा जवळ आली आहे, आणि खळ्यात कांदा पसरलाय. पातीसकट उपटलेला, नीट वाळलेला, माळा विणायला तयार. आई पहाटेपासून बसली आहे, कारण दंवानं पात मऊ असते तोवरच विणता येते, ऊन चढलं की तुटायला लागते. तिच्यासारखी माळ पंचक्रोशीत कुणाची नव्हती, हे तुम्हीसुद्धा चारचौघांत सांगायचात. कांद्याला कांदा लागून बसायचा, मध्ये बोट शिरायचं नाही. व्यापारी आला. त्यानं एक माळ उचलली, फिरवली आणि फिसकन हसला. 'काय हो, तुमच्या पांढऱ्या कांद्याला लाज कधीपासून वाटायला लागली?' माळेत मध्येच एक गुलाबी गाल. मग दुसऱ्या माळेत. मग ढिगात.

तुम्हाला लगेच कळलं. अलिबागचा पांढरा कांदा करणाऱ्या कुणालाही कळलं असतं. आपण बी विकत घेत नाही. दर वर्षी निवडक कांदे परत जमिनीत लावायचे, त्यांना फुलांचे गोंडे येतात, त्या गोंड्यांचं बी पुढल्या वर्षाला. त्या वेळी आसपास लाल कांदा फुलला तर माश्या इकडचा पराग तिकडे नेतात आणि बी नासतं. म्हणून आपल्याकडे कुणी लाल कांदा लावत नाही. पण घरात आणलेल्या लाल कांद्याला कोंब फुटला तर टाकवत नाही ना कुणाच्या हातून! आईनं आदल्या वर्षी तसे चार-सहा कोंबाचे कांदे मोरीचं पाणी जातं तिथे खोचून ठेवले होते, पोह्यांवर घालायला पात होईल म्हणून. तिथे त्यांना गोंडे आले. कुणाचं लक्ष गेलं नाही. तुमचंही नाही, बाबा. त्याच मोरीवर तुम्ही रोज पाय धुवायचात.

तुम्ही तिला मारलं नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते. तुम्ही तिच्या मांडीवरची अर्धी विणलेली माळ ओढून घेतलीत आणि व्यापाऱ्यासमोर, मजूर बायकांसमोर म्हणालात, 'उठ. या खळ्यात परत बसायचं न्हाय. माझ्या कांद्याला तुझा हात लागता कामा नये.' ती उठली. लुगडं झटकलं आणि चुलीकडे गेली. आम्हाला वाटलं, रागाच्या भरात बोललात, दोन दिवसांत निवेल. पुढच्या वर्षी तुम्ही बी शेजारच्या गावातून आणलंत, कांदा पुन्हा पांढराशुभ्र झाला, आणि माळा विणायला पैसे देऊन बायका बोलावल्यात. आईनं त्यांना चहा करून दिला. दाराच्या उंबऱ्यावरून कप पुढे सरकवायची, खळ्यात पाऊल नाही.

आणि मग ती दुसऱ्यांच्या खळ्यात मजुरीनं माळा विणायला जायला लागली. घरचा कांदा परक्या बायका विणतात आणि घरची बाई परक्याचा कांदा विणते! गावाला हसायला काय, फुकटची करमणूक. रस्त्यावर आपल्या माळा टांगलेल्या असायच्या, त्यांच्या बाजूला शेजाऱ्यांच्या. मुंबईच्या गाड्या थांबायच्या, बायका उतरून दोन्ही बघायच्या आणि शेजाऱ्यांच्या उचलायच्या, कारण त्या आईनं विणलेल्या असायच्या. तुम्ही तिथेच स्टुलावर बसून बघायचात. एकदा एका बाईनं तुम्हालाच विचारलं, 'या अशा सुंदर कोण करतं हो?' तुम्ही म्हणालात, 'हाय एक मजुरीन.' मी मागे उभी होते. त्या क्षणी तुम्ही मेलात तर बरं, असं मला वाटलं. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, पण तुम्हाला सांगायला काय हरकत आहे!

तुम्ही आजारी पडलात, एक अंग लुळं पडलं, तेव्हा तुम्हाला भरवायचं कुणी? आईनंच, त्याच हातानं. कांद्याला चालत नव्हता तो हात तोंडाला बरा चालला! एका दुपारी मी तुमच्या उशाशी बसून म्हटलं, बाबा, आता तरी तिला सांगा, खळ्यात बस म्हणावं. एक शब्द बोला. तुम्हाला बोलता येत होतं, तोंड वाकडं झालं होतं तरी शब्द कळत होते. तुम्ही ताटाकडे बघून म्हणालात, 'भात थंड झालाय.' सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी माझ्या डोळ्यांनी बघितला. आई उठली आणि भात गरम करून घेऊन आली.

तुम्ही गेलात. मी मोठ्यानं रडले, लोकांना बरं वाटावं म्हणून. आणि मनात म्हटलं, सुटली बाई. पुढच्या कांद्याला तिला हाताला धरून खळ्यात घेऊन गेले. 'बस,' म्हटलं, 'आता कोण अडवतंय?' ती कडेला उभी राहिली, ढिगाकडे बघितलं आणि मागे फिरली. 'त्यांनी न्हाय सांगितलंय.' मी म्हटलं, अगं, ते मेले! 'मेले म्हनून काय झालं? शब्द त्यांचा हाय. बी माझ्याच हातनं नासलं, त्यांचं काय चुकलं?' दर वर्षी हेच. मी चिडून बघितलं, रडून बघितलं, अबोला धरून बघितला. भाजीच्या वाफ्यांत ती दिवसभर राबायची, मेथीच्या जुड्या माझ्यापेक्षा भरभर बांधायची, पण कांद्याच्या तुकड्याकडे पाठ. तिची बोटं आता वाकायला लागली आहेत. सकाळी मूठ उघडायला वेळ लागतो. मला एवढंच हवं होतं, बाबा, की ती बोटं पुरती आखडण्याआधी तिनं आपल्या खळ्यात, आपल्या कांद्याची एक माळ विणावी. एकच. त्यासाठी मी तुमच्या फोटोसमोर हातही जोडले, लाज गुंडाळून ठेवून.

मग डोकं फिरलं. म्हटलं, हिला तुमचा कांदा शिवायचा नाही ना? मग तुमचा कांदाच ठेवत नाही. गेल्या वर्षीच्या थंडीत बियाण्याचे कांदे लावले तेव्हा बाजारातून चांगले ठणठणीत लाल कांदे आणले आणि त्यांच्या मधोमध लावले. मोरीवर नाही, मधोमध. गोंडे आले, माश्या घोंगावल्या, मी काठावर उभी राहून बघत होते आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू! बी धरलं, पेरलं, भात निघाल्यावर रोपं लावली. माझं नुकसान होणार हे मला ठाऊक होतं. होऊ दे. पालेभाजीवर घर चालतं, एक कांद्याचा हंगाम गेला तर मी काही रस्त्यावर येत नाही.

गेल्या आठवड्यात कांदा खळ्यात आला. मी आईला हाक मारली. 'ये, बघ. हा बाबांचा कांदा नाही. गुलाबी आहे. त्यांचा शब्द होता तो पांढऱ्यासाठी. आता बस.' ती आली. कडेला थांबली नाही, सरळ आत आली आणि ढिगासमोर बसली. तिनं एक कांदा उचलला, दुसरा उचलला. मग मान वर न करता विचारलं, 'लाल कुनी लावला?' मी म्हटलं, 'मी.' 'चुकून?' 'नाही.'

ती पुढे सरकली. दोन्ही हातांनी ढीग फोडायला लागली. गुलाबी दिसेल तो पायानं बाजूला लोटायची, पांढरा निघेल तो पदरात. साल सोलून बघायची, मान बघायची, नखानं खरवडायची. मी मदतीला खाली बसले, एक कांदा उचलला, तर तिनं माझ्या मनगटावर फटका मारला. लहानपणी कधी मारलं नव्हतं तिनं. 'हात लावू नको.'

'आई, मी तुझ्यासाठी केलं हे.'

'माझ्यासाठी?' तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. 'मी इतकी वर्सं लांब का रायले, ठाव हाय? परत माझ्या हातनं नासाया नको म्हनून. त्यांच्या भ्यानं न्हाय. आन तू जानूनबुजून मारलास कांदा! उठ. तुज्या भाज्या कर जा. हितं परत पाय ठेवलास तर माज्याशी गाठ हाय.'

खळ्यात मजूर बायका होत्या. सगळ्यांनी ऐकलं. मी उठले.

आता ती रोज पहाटे खळ्यात बसते. पांढरे तेवढे वेगळे काढून त्यांच्या माळा विणते आणि चुलीवरच्या आढ्याला टांगते, बियासाठी. मजूर बायकांना म्हणते, दोन-तीन वर्षं निवडत गेलं की येईल परत. बोटं दुखतात, मध्येच थांबून हात झटकते, पुन्हा विणते. मला हवं होतं ते झालं, नाही का? कुंपणाच्या अलीकडे मी पालक धुते आणि तिकडे बघायचं टाळते. मजूर बायकांपैकी एक काल मला म्हणाली, 'तुझ्या बापावर गेली गं तुझी आई.' मी हसले. घरात जेवण वाढते ती, पाणी देते, पण माझ्याशी बोलत नाही. तेव्हापासून एक शब्द नाही.

म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. तुमच्याबद्दल माया उफाळून आली म्हणून नाही, गैरसमज नको. हे सगळं मला तिलाच सांगायचं होतं. ती हाकेच्या अंतरावर बसली आहे, ऐकू चांगलं येतं तिला, आणि मी इथे स्वयंपाकघरात ओट्यावर कागद धरून बसले आहे. मला तिच्यासमोर जायची भीती वाटते, बाबा. तुमची मला एवढी कधीच वाटली नव्हती.