माइकवर घरची हाक

४ नोव्हेंबर
एकदाचा या फिरत्या वाद्यवृंदात रुजू झालो. बसमध्ये मला चाकावरची सीट मिळाली. ड्रमवाल्या दादाचं म्हणणं, नव्या माणसाला तीच. हिसके बसले की ताल कमरेत भिनतो. सगळे खो खो हसले, मीही हसलो. इतकी वर्षं हॉटेलात जेवणाऱ्यांच्या पाठींना व्हायोलिन ऐकवलं. आता माणसं तिकीट काढून समोर बसणार. संगीत ही तोंडी लावायची गोष्ट नाही, हे मी बायकोला लग्नाआधीपासून बजावत आलोय.

निघताना लेक खारू व्हायोलिनची पेटी सोडेना. सहा वर्षांची पोर. गुणगुणताना तिसरा सूर हमखास चुकवते आणि स्वतःच हसते. तुम्ही नसताना माझी चूक कोण काढणार, असं तिने विचारलं. फोनवर काढीन, म्हणालो.

माझ्या आधीचा व्हायोलिनवाला घरी गेला, एवढंच कळलं.

५ नोव्हेंबर
दुपारी आवाजाची चाचणी. माइकसमोर एक, दोन म्हणायला तोंड उघडलं, तर गायिका ताईंनी अडवलं. आमच्याकडे मोजायचं नाही, घरच्या जिवलगाला हाक मारायची, म्हणाल्या. दिसेल त्या प्रथेशी भांडायचं हा माझा खाक्या. पण ही मात्र आवडली. रिकाम्या खुर्च्यांकडे बघून मी खारूला हाक मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. किती मायेची माणसं!

कार्यक्रम रंगला. साउंडवाला धरून आम्ही चौघंच, तरी लोक विचारत होते की मागे गाणारा घोळका कुठे लपवलाय.

१० नोव्हेंबर
नवं गाव, तसलाच हॉल. बायकोचा फोन आला. खारूचा घसा बसलाय. डॉक्टर म्हणतात, काही नाही.

आज वाजवताना पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून, ज्यातून आपलं वाजवणं आपल्याला ऐकू येतं, बारीक गुणगुण आली. तिसरा सूर चुकला. मग कुणीतरी हसलं. साउंडवाल्याला विचारलं. वायर काहीही पकडते, असं तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

१५ नोव्हेंबर
खारू आता बोलतच नाही. बायको म्हणते, फोन कानाला लावून बसते, डोळे वाहतात, आवाज नाही.

चाचणीला सवयीने हाक मारली. पायाशी उत्तर आलं. ओ, बाबा.

व्हायोलिनचा गज हातातून पडला. तिघांनी माना खाली घातल्या. काय झालं, असं कुणीही विचारलं नाही.

१६ नोव्हेंबर
ताईंना बसमागे गाठलं. त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची आई, दादाचा भाऊ, साउंडवाल्याची बायको. हाक मारली, आवाज इकडे आला, घरी मुका देह उरला. आधीचा व्हायोलिनवाला हाक मारणं सोडून घरी पळाला. त्याच्या लेकाचा आवाज तिथे परतला नाही. इथलाही गेला.

मग मला का सांगितलं नाहीत? नवा आवाज आला नाही तर जुने विरत जातात, म्हणाल्या. आई ऐकू येईनाशी झाली होती रे.

मी तोंडाला येईल ते बोललो. तुमच्या प्रत्येक टाळीखाली एक दाबलेला गळा आहे, म्हणालो. लेकराचा आवाज चोरून आपली आई जगवणाऱ्याला कलावंत म्हणत नाहीत. तुमच्या जागी मी असतो तर मेलो असतो, पण दुसऱ्याचं मूल—
त्यांनी नुसतं विचारलं, उद्या हाक मारणार ना?

१७ नोव्हेंबर
मारली.

२ डिसेंबर
बायको म्हणते, घरी या, ती दारात बसून असते. कसा जाऊ? गेलो तर तो बारीक आवाजही—
आज स्पीकरमधून तिने मला विचारलं, बाबा, इथे अंधार का आहे. मी चाचणी लांबवली. साउंडवाल्याने लांबवू दिली.

११ डिसेंबर
आवाज विरतोय. कान स्पीकरला लावून आडवा पडलो, तेव्हा कुठे—
आता चुकलेल्या सुरानंतर हसत नाही.

१३ डिसेंबर
काहीच नाही. मग शेवटी एकच, अर्धा— बा—

१४ डिसेंबर
नवा बासरीवाला आला. चाकावरची सीट त्याला. हसरा आहे. मुलाचा फोटो दाखवला, पुढचे दोन दात पडलेले. म्हणाला, मला भेटल्याशिवाय झोपत नाही हो.
सांगणार आहे त्याला. बसमधून उतर म्हणणार आहे. चाचणीच्या आत.

दुपार
तो माइकपुढे उभा राहिला. एक म्हणायला तोंड उघडलं. ताई, दादा, साउंडवाला, सगळे माझ्याकडे बघत होते. पायाशी इतकं बारीक— खारू—

मी त्याला थांबवलं. म्हणालो, आमच्याकडे मोजायचं नाही, घरच्या—