लाल फुलीच्या पेट्या

सोमवार, १६ जानेवारी
बटाट्यांत क्लोरप्रोफाम निघालं. किलोमागे ०.०६ मिलिग्राम. प्रयोगशाळेतल्या खेर्ब्रिखनं फोनवर सांगितलं — "दोनदा तपासलंय, बाई."
कोंब रोखायचं हे औषध बंद होऊन दोन वर्षं झाली. बटाटे शेजारच्या हिल्केचे, सेंद्रिय. पण गोदाम आमचं! आणि बंदीआधी माझा नवरा वीबरेन दर हिवाळ्यात तिथे याच औषधाचा धूर सोडायचा.
हिल्केचा सेंद्रियचा शिक्का जाणार.

मंगळवार, १७
हिल्के चिखलाच्या बुटांनीच आत आला. कॉफीला हात लावला नाही.
"खरं सांग वीबरेन, औषधाचा उरलेला डबा यंदा मारून संपवलास ना?"
"तीनदा धुतलंय गोदाम. फरशीवर जेव हवं तर!"
"मग काय आभाळातून पडलं?"
तीस वर्षांचा शेजार.

गुरुवार, १९
प्रयोगशाळेनं गोदामाच्या भिंतीचे, फरशीचे नमुने नेले.

सोमवार, २३
भिंत स्वच्छ. फरशी स्वच्छ. खेर्ब्रिख म्हणाली, "लाकूड बघा. लाकूड हे औषध वर्षानुवर्षं धरून ठेवतं."
हिल्के म्हणतो, "माझ्या लाकडी पेट्या सगळ्या नव्या." मी भांडी घासत राहिले.
सगळ्या नव्या नाहीत. ऑक्टोबरात पावसाआधी काढणी उरकायची होती. हिल्केची बायको यान्त्शे कुंपणावरून ओरडली — "सहा पेट्या कमी पडतायत गं!" काढणीच्या दिवसांत पेट्यांना नाही कोण म्हणतं? मागच्या छपरातल्या दिल्या. जुन्या, त्या धुराच्या काळातल्या, वीबरेननं जाळायला म्हणून लाल फुली मारून ठेवलेल्या. फुल्या दिसल्या होत्या मला. पाणी मारलं की झालं, म्हटलं. भरून आल्यावर मीच त्या मागच्या रांगेत लावल्या — फुली भिंतीकडे. तो चिडला असता.
यान्त्शे विसरली असेल. मी नाही.

बुधवार, २५
जेवताना वीबरेन एकदम म्हणाला, "सेंद्रियच्या निरीक्षकाला सांगतो, औषध मीच मारलं. चूक गोदामवाल्याची ठरली तर हिल्के तरी सुटेल."
"पण तू मारलं नाहीस!"
"मग कुणी?"
त्याच्या ताटात आणखी बटाटा वाढला.

गुरुवार, २६
निरीक्षक उद्या नऊला येणार. दुपारी सहाही पेट्या ओढून अंगणात आणल्या. फुल्या रस्त्याकडे. वीबरेन पाचला घरी येईल.